पंधरा दिवसांची आठवण

“आमच्याकडे सगळं हिरवं आहे. विद्यार्थ्यांना नेटवर्क तपासायला सांगा.”

परीक्षेची फी भरायच्या शेवटच्या दिवशी सपोर्टच्या ग्रुपवर मी हे लिहिलं होतं. नोकरीचं पहिलं वर्ष. सर्व्हर जावाचा, समोर ग्राफानाचा डॅशबोर्ड. सीपीयू निवांत, मेमरी ठीक, प्रतिसादाचा सरासरी वेळ ०.४ सेकंद. मग तक्रारी येतायत कशाला?

नंतर हिशोब मांडला. मिनिटाला साधारण हजार रिक्वेस्ट येत होत्या. त्यातल्या ९९० नुसत्या पान बघणाऱ्यांच्या, त्यांना ०.१ सेकंदात उत्तर मिळत होतं. उरलेल्या १० प्रत्यक्ष फी भरणाऱ्यांच्या. त्यांना डेटाबेसचं कनेक्शनच मिळत नव्हतं. ३० सेकंद ताटकळून त्यांच्या हाती एरर येत होता. ९९ अधिक ३००, भागिले हजार: ०.४ सेकंद. सरासरी खोटं बोलली नव्हती. तिने फक्त त्या दहा जणांना उरलेल्या ९९० मध्ये विरघळवून टाकलं होतं. एररचा अलार्म ५ टक्क्यांवर लावलेला, आणि हे भरत होते जेमतेम १ टक्का.

तीन आठवड्यांनी साहेबांनी विचारलं, “हे नेमकं कधीपासून चालू होतं? किती मुलं अडकली?” मी आकडे काढायला गेलो, तर ते नव्हतेच. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचंच लक्षात ठेवतो. जास्त हवं असेल तर तसं सांगावं लागतं. आम्ही सांगितलं नव्हतं.

काय विसरायचं हे कोणी ठरवलं, या प्रश्नाने मी या हत्यारांच्या इतिहासात शिरलो.

सुरुवात नेटवर्कपासून होते. १९८८ मध्ये एसएनएमपी हा प्रोटोकॉल आला. राउटरमध्ये एक काउंटर असतो: आतापर्यंत इतके बाइट गेले. तो नुसता वाढत राहतो. काल किती होता, हे त्याला ठाऊक नसतं. कोणीतरी ठरावीक वेळाने विचारायचं, लिहून ठेवायचं आणि वजाबाकी करायची. १९९४ मध्ये तोबियास ओटिकर हा स्विस तरुण जिथे काम करत होता, तिथे बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची लाइन होती. ती किती भरलीय हे सगळ्यांनाच बघायचं असायचं. त्याने ही वजाबाकी करून वेबपानावर आलेख काढणारा प्रोग्राम लिहिला: एमआरटीजी.

आकडे साठत गेले की डिस्क भरते. त्यामुळे ओटिकरने १९९९ मध्ये आणलेल्या आरआरडीटूलची फाइल रहाटगाडग्यासारखी आहे. गाडगी ठरलेली, चाक फिरत राहतं, नवा आकडा सर्वांत जुन्याच्या जागी पडतो. फाइल कधीच वाढत नाही. दूरचा काळ हवा असेल तर अनेक आकड्यांचा एक आकडा करून ठेवायचा. तो कसा करायचा, हे माणसाने निवडायचं: सरासरी, किमान, कमाल किंवा शेवटचा. बहुतेकांनी सरासरी निवडली. एखाद्या दुपारचा पाच मिनिटांचा आकांत वर्षभराच्या आलेखात सपाट रेघ होऊन जायचा.

त्याच वर्षी ईथन गॅलस्टॅडने नेटसेंट आणलं. पुढे त्याचं नाव नागिऑस झालं. त्याचा प्रश्न साधा होता: यंत्र जिवंत आहे का? उत्तर रंगांत: हिरवा, पिवळा, लाल. माझ्या त्या मेसेजमधलं ‘हिरवं’ याच परंपरेतलं.

जावाच्या जगात मोठं पाऊल पडलं २००४ मध्ये. जावा ५ सोबत जेएमएक्स भाषेच्या गाभ्यातच आलं. हीप किती भरलाय, थ्रेड किती आहेत, गार्बेज कलेक्टरचा किती वेळ गेला, हे चालू प्रोग्रामला बाहेरून विचारता येऊ लागलं. सोबत जेकन्सोल नावाची खिडकी मिळाली. पण तिचा आलेख तुम्ही जोडल्या क्षणापासून सुरू व्हायचा आणि खिडकी बंद केली की पुसला जायचा. म्हणजे साक्षीदार हुशार, पण घटना घडून गेल्यावर बोलावलेला.

पुढच्या काही वर्षांत प्रश्नच बदलला. ऑर्बिट्झ या प्रवास-बुकिंग कंपनीत ख्रिस डेव्हिसने लिहिलेलं ग्रॅफाइट २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. २०११ मध्ये एट्सीने स्टॅट्सडी दिलं. यंत्राची तब्येत विचारून थांबायचं नाही; किती जणांनी लॉगइन केलं, किती खरेद्या झाल्या, हे प्रोग्रामरने स्वतः कोडमधून मोजायचं. त्याच सुमारास यॅमरमधल्या कोडा हेलची मेट्रिक्स लायब्ररी जावावाल्यांच्या हाती आली. तिने पर्सेंटाइल घरोघरी नेला. ९९वा पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या ९९ जणांना ज्या वेळेच्या आत उत्तर मिळालं तो वेळ. शंभरावा माणूस त्याही पलीकडे उभा असतो, एवढी तरी जाणीव त्यातून आली.

पण सर्व्हर पाच असतील, तर पाच पर्सेंटाइलांची सरासरी काढून काहीच कळत नाही. साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या प्रोमिथियसने इथे हिस्टोग्रामचा मार्ग दिला: ०.१ सेकंदाच्या आत किती, १ च्या आत किती, १० च्या आत किती, असे नुसते मोजे. मोज्यांची बेरीज करता येते. आणि मुळाशी तोच जुना वाढत जाणारा काउंटर, तीच वजाबाकी.

२०१८ मध्ये स्प्रिंग बूट २ सोबत मायक्रोमीटर आलं आणि हे सगळं दहा मिनिटांचं काम झालं. दोन डिपेंडन्सी टाका, एक एंडपॉइंट उघडा, प्रोमिथियसला पत्ता द्या, आलेख तयार. मीही असंच केलं होतं. पण न सांगता मायक्रोमीटर प्रत्येक मार्गाची फक्त संख्या, एकूण वेळ आणि अलीकडची कमाल देतो. हिस्टोग्राम हवा तर मागावा लागतो. संख्या आणि एकूण वेळ हाताशी असले की माणूस भागाकार करतो आणि सरासरी काढून मोकळा होतो. कमाल आकडा तेव्हाही येत होता. कनेक्शनसाठी किती थ्रेड ताटकळतायत, हाही. दोन्ही डॅशबोर्डवर मांडायचं मला सुचलं नव्हतं.

डिस्क महाग होती म्हणून ओटिकरने विसरण्याची सोय केली, आणि ती समजून उमजून केली. मी काहीच ठरवलं नव्हतं; ठरलेलं आयतं घेतलं होतं.

आता नवी सर्व्हिस लावताना मी आधी एका कागदावर लिहितो: इथे कोण अडकू शकतं? फी भरणाऱ्या मार्गाचा हिस्टोग्राम वेगळा, त्याच्या एररचा अलार्म वेगळा, कनेक्शनची रांग डॅशबोर्डवर सर्वांत वर, आणि आठवण निदान एका परीक्षा-हंगामापुरती. न मोजलेलं मागाहून मोजता येत नाही. ती मुलं किती होती, हे मला आजही सांगता येत नाही.