दुकान, गिऱ्हाईक आणि पडदा

गुन्हेगारीच्या चित्रपटात दुकानाला एक ठरलेले काम असते. पडद्यावर गल्ला दिसला, गल्ल्यामागे परक्या बोलीचा माणूस दिसला आणि दारातून दोन दरिद्री तरुण आत शिरले, की आता येथे रक्त सांडणार हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. हा संकेत इतका रूढ झाला आहे की त्याबद्दल आपण विचारही करीत नाही. मी चित्रकलेचा किंवा चित्रपटकलेचा जाणकार नव्हे. माझी उमर हमालांच्या आणि कंत्राटी मजुरांच्या संघटनेत गेली. वाचन झाले ते रात्री, आणि चित्रपट पाहिले ते परवडेल त्या तिकिटात. परंतु दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची भांडणे मी पडद्याबाहेर पुष्कळ सोडवली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाटत आले की पडदा या भांडणातला महत्त्वाचा भाग गाळतो. तो भाग कोणता, हे पाहण्यासाठी आपल्याच मुलखात दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१८७५ सालच्या मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यातील तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले सुपे हे बाजाराचे मोठे गाव. तेथे गुजराती व मारवाडी दुकानदारांची वस्ती होती, आणि धान्य विकणारा तोच कर्ज देणारा अशी रीत होती. म्हणजे दुकानदार आणि सावकार, गिऱ्हाईक आणि कूळ, ही माणसे चार नव्हेत, दोनच. त्या दिवशी भोवतालच्या खेड्यांतील कुणबी सुप्यात जमले आणि त्यांनी दुकानांवर चाल केली. मागणी एकच होती: वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा. हाती आले ते कागद जाळले, धान्याची दुकाने लुटली, काही घरांना आग लावली. हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोहोचले आणि दोन महिन्यांत तीसहून अधिक गावांत पसरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एवढा मोठा उठाव, पण सावकारांचे मुडदे पडले नाहीत. जेथे कागद मुकाट्याने मिळाले तेथे माणसाला हात लावण्याची फारशी गरज उरली नाही. निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या शेतकऱ्याला आपला शत्रू कोठे राहतो हे नेमके ठाऊक होते. तो शत्रू वहीत राहत होता.

ती वही इतकी फुगली कशी? अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारी पैसा घेऊन सावकार स्वतः येऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मिळेनासे झाले. त्याच सुमारास सरकारने जमिनीची नवी आकारणी केली आणि सारा कित्येक ठिकाणी निम्म्याने वाढवला, काही ठिकाणी दुप्पट केला. शेतकऱ्याचे हित म्हणून १८५९ साली मुदतीचा कायदा केला होता. त्याप्रमाणे रोखा तीन वर्षेच चालावयाचा. त्याचा परिणाम उलटाच झाला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. व्याज मुद्दलाहून अधिक वाढू नये, हा आपला जुना दामदुप्पटीचा नियम कागदावर गुंडाळला गेला. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे उदाहरण चौकशी आयोगापुढे आले. भरीला दिवाणी कोर्ट होते. शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर गावच्या देशमुखाचे घर पाडावयास घेतले, तेव्हा १८७४ च्या डिसेंबरात गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. मारहाण नाही, बहिष्कार! संपाचा हा प्रकार आमच्या संघटनांच्या जन्माआधीचा आहे.

(जाता जाता: न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती याच १८७५ सालात. एका जिल्ह्यात, एका वर्षात, कोणी भाषण ऐकत होते आणि कोणी वह्या जाळत होते.)

येथवर ही कथा मला अभिमानाने सांगता येते. पुढचा भाग मात्र तसा नाही. आयोगाच्या अहवालात नमूद आहे की मार बहुतेक सर्व मारवाडी आणि गुजर सावकारांनाच बसला. ज्या गावी ब्राह्मण व इतर जातींचे सावकारही होते, तेथेही सामान्यतः मारवाड्यांनाच त्रास झाला. त्याचे कारण असे देतात की स्थानिक सावकाराला गावाची भीड होती, परक्याला नव्हती, म्हणून परका अधिक निष्ठुर झाला. हे अर्धे खरे असेल. परंतु व्याजाला जात नसते. करडे गावातला काळूराम परका होता, पण सारा वाढवणारा कलेक्टर त्याहून परका होता, आणि त्याच्या कचेरीवर कोणी गेले नाही. तो दूर होता, त्याच्यापाशी फौज होती. दुकानदार मात्र रोज समोर दिसत होता, त्याची पगडी वेगळी, बोली वेगळी. वहीविरुद्धचा राग पगडीवर कसा घसरतो, ते पाहावयाचे असेल तर सुप्यापासूनच पाहिले पाहिजे.

आपल्या चित्रपटाने हा विषय लवकर हाती घेतला. बाबुराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ चा. कथा नारायण हरी आपटे यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. जमीन गमावलेला तो शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. माझ्या मते हा शेवट कोणत्याही खुनापेक्षा भयंकर आहे, कारण तो खरा आहे. पेंटरांनी १९३६ साली हीच कथा बोलपटात पुन्हा सांगितली. त्यानंतर मेहबूब यांच्या १९५७ च्या ‘मदर इंडिया’त कन्हैयालालने सुखीलाला उभा केला, तो असा की पुढे पडद्यावरचा प्रत्येक सावकार त्याचेच हसे हसू लागला. त्या कथेत पाचशे रुपयांच्या कर्जापायी तीन चतुर्थांश पीक व्याजात जाते, आणि अखेर बिरजू सुखीलालाचा जीव घेतो. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. चक्रवाढ व्याज कॅमेऱ्याला दिसत नाही. लाल डोळे, मिशा आणि लुच्चे हसू तेवढे दिसते. म्हणून वहीचे पाप चेहऱ्यावर काढावे लागते. सुप्याच्या कुणब्याने कागद जाळून माणूस सोडला. चित्रपटाला माणूस मारल्याशिवाय पडदा पाडता येत नाही.

याच्या उलट बाजूने पाहणारी एक कथा रवींद्रनाथांची आहे, ‘काबुलीवाला’. तिच्यावरचा हिंदी चित्रपट १९६१ चा, बलराज साहनींचा. तेथे परका आहे तो विकणारा. गिऱ्हाईक शाल घेते, पैसे बुडवते, वर शिव्या देते, आणि काबुलीवाल्याची सुरी चालते. प्रेक्षक यावेळी गिऱ्हाइकाच्या बाजूने नसतो. पठाणाला मुलगी आहे हे त्याला आधी दाखवलेले असते, एवढाच फरक.

मुंबईच्या कामगाराला मात्र पठाणाची मुलगी कोणी दाखवली नाही. गिरण्यांच्या दारी पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार त्याच्या माहितीचा होता. त्यात तेल कंपनीच्या संपात संपकऱ्यांच्या जागी पठाण भरले गेले, आणि पठाण मुले पळवतात अशी कंडी पिकली. १९२९ च्या फेब्रुवारीत दंगा झाला, सुमारे दीडशे माणसे मेली. चौकशी समितीने गिरणी कामगार युनियनच्या भाषणांवर ठपका ठेवला. सरकारी समितीला कामगार संघटनेत दोष दिसणार हे उघड आहे. तरी संपफोड्याला शिव्या देताना त्याच्या जातीला शिव्या देण्याचा मोह व्यासपीठावर किती असतो, हे मला ठाऊक आहे. टाळी तेथेच पडते.

अमेरिकेने हीच गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा करून दाखवली. स्पाइक ली या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या १९८९ च्या ‘डू द राइट थिंग’मध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीत इटालियन माणसाचे पिझ्झाचे दुकान आहे. भिंतीवर फोटो फक्त इटालियनांचे. गिऱ्हाइके सारी काळी. त्या फोटोंवरून भांडण पेटते, पोलिसांच्या हातून एक तरुण गळा दाबून मरतो, आणि जमाव जाळतो ते दुकान. पोलीस तोवर निघून गेलेले असतात. मग जमाव समोरच्या कोरियन वाण्याकडे वळतो. मीही तुमच्यासारखाच, असे तो जिवाच्या आकांताने ओरडतो आणि बचावतो. दोन वर्षांनी, १९९१ च्या मार्चमध्ये, लॉस एंजेलिसला एका कोरियन दुकानदारणीने पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोळी घातली. तंटा एक डॉलर एकोणऐंशी सेंटच्या रसाच्या बाटलीचा. तुरुंगवास झाला नाही. दुकानातल्या कॅमेऱ्याने टिपलेला तो मृत्यू दूरदर्शनवर पुन्हापुन्हा दाखवला गेला. १९९२ च्या एप्रिलअखेर शहर पेटले तेव्हा दोन हजारांहून अधिक कोरियन दुकानांची हानी झाली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘मेनेस टू सोसायटी’त पहिल्याच प्रसंगी एक तरुण कोरियन दुकानदार जोडप्याला ठार करतो, कॅमेऱ्याची फीत काढून नेतो आणि मित्रांना करमणूक म्हणून दाखवतो. त्या दिग्दर्शकांनी प्रेक्षकाला आरसाच दाखवला म्हणावयाचा.

आमच्या पूर्णेत कोरियन नाहीत. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आला, पूर्णा जंक्शन झाले, आणि त्याबरोबर तेलुगू बोलणारे रेल्वे कामगार, मारवाडी किराणा, उत्तरेकडचे फेरीवाले असे सारे आले. त्याआधी निजामी अंमलात अरब आणि रोहिले व्याजाने पैसे लावीत. रोहिल्याचे नाव वृद्धांच्या तोंडी अजून धाकासारखे येई, ते मी ऐकले आहे. उधारीची वही येथे कधीच बंद झाली नाही.

काही वर्षांमागे एका कंत्राटदाराने मजुरांचे तीन महिन्यांचे पैसे थकवले. मजुरांनी किराण्याची उधारी थकवली. दुकानदाराने अखेर माल देणे थांबवले, आणि गल्ल्यावर बाचाबाची होऊन तराजू रस्त्यावर आला. संध्याकाळी सभेत एक तरुण म्हणाला, या बाहेरच्यांना एकदा धडा शिकवावा. कंत्राटदाराचे नाव कोणी काढले नाही. तो औरंगाबादेस राहत होता आणि मराठीच बोलत होता. मी दुकानदाराला वही घेऊन सभेत बोलावले. तो यावयास भीत होता, दोन वयस्क हमाल जाऊन त्याला घेऊन आले. वहीत प्रत्येक मजुराच्या नावापुढे रोकड जमा कोणत्या तारखेपर्यंत झाली आणि कोठे थांबली, ते स्पष्ट होते. कंत्राटदाराकडे हजेरीपट नव्हता, असलाच तर तो दाखवीत नव्हता. ती वही आम्ही कामगार अधिकाऱ्यापुढे ठेवली. दोन महिन्यांचे पैसे मिळाले, तिसऱ्याचे राहिले.