रात्रीचा वैद्य

२०१४ सालच्या दशलक्षणातली गोष्ट. उत्तम त्यागाचा दिवस. सकाळी मंदिरात बोली झाल्या, आमच्या घरानं पांजरपोळाच्या चाऱ्यासाठी ५,००० रुपये बोलले. त्याच रात्री साडेअकराला सोसायटीतली काळी कुत्री जिन्याखाली वेणा देता देता अडली.

पांजरपोळाला फोन केला. "सकाळी आणा, जागा आहे," म्हणाले. जागा कुणाला हवी होती! चार ठिकाणी नकार ऐकून शेवटी वडोदऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एका खाजगी डॉक्टरांनी दार उघडलं. तपासणी दिवसा ३००, रात्री १,०००. ऑपरेशनचे ९,०००, निम्मे आधी. मी म्हटलं, "रस्त्यावरची आहे हो, थोडं कमी करा." डॉक्टर हात धूत म्हणाले, "बेन, भूल तर घरच्या कुत्र्याइतकीच लागते."

यजमानांनी पैसे भरले. सकाळी पाच हजार बोलताना माझा आवाज केवढा खणखणीत होता, आणि रात्री मी घासाघीस करत होते!

पुढे बरेच दिवस मी हेच शोधत बसले. जनावरांसाठी एवढं करणारे आपण. मग रात्री दार उघडणारा वैद्य आपल्या संस्थेत का नव्हता?

गिरनारला आपण नेमिनाथांसाठी जातो. लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते तिथूनच परत फिरले. त्याच डोंगराच्या वाटेवर अशोकाची शिळा आहे. माणसांची आणि पशूंची, दोन्हींची चिकित्सा, आणि त्यासाठी औषधी वनस्पती लावल्याचं तिच्यावर कोरलंय. नुसता निवारा नाही, चिकित्सा.

आमच्या इथून खंभात काही लांब नाही. १६२३ मध्ये पिएत्रो देला व्हाले हा इटालियन प्रवासी तिथं आला. त्यानं पक्ष्यांचं रुग्णालय पाहिलं. बरे झालेले रानपक्षी सोडून देत, माणसाळलेले भाविकांच्या घरी देत. तिथंच उंदराची आई नसलेली पिल्लं कापसात ठेवलेली, आणि पांढऱ्या दाढीचे एक आजोबा नाकावर चष्मा चढवून पिसानं त्यांना दूध पाजताहेत. मला हे आजोबा फार आवडले. उंदराच्या पिल्लाला दर थोड्या वेळानं दूध लागतं, म्हणजे ते रात्री झोपत तरी केव्हा असतील?

सुरतेला १६८९ मध्ये ओविंग्टन नावाचा इंग्रज पाद्री आला होता. तो तर सांगतो की तिथं ढेकूण-पिसवांसाठीही सोय होती. त्यांना रक्त मिळावं म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर त्या बाजेवर निजवत. वाचून हसू येतं आणि अंगावर काटाही. (त्या गरिबाची दया कुणी करायची, हा प्रश्न आहेच.) पण रात्रपाळीला पैसे मोजायची रीत आपल्याकडे जुनी दिसते.

मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून पारशी मंडळींनी दंगा केला. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मुंबईचं पांजरपोळ उभं केलं. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापूस, साखर अशा मालावर स्वतःहून लागा बसवला. पैसा कमी नव्हता. पण तो गेला जागेला, चाऱ्याला, पाण्याला. जीव मारायचा नाही, मरेपर्यंत सांभाळायचा, हे आपलं व्रत. इंग्रज अधिकारी टीका करत की इथं जनावरं नुसती मरणाची वाट बघतात. त्यांना तर गोळी घालणं हीच दया वाटे, ते आपल्याला कधी पटलं नाही आणि पटायचंही नाही. तरी टीकेतला अर्धा भाग मला त्या रात्री खरा वाटला.

वैद्यक आलं ते दुसऱ्या दारानं. परळला दिनशा पेटिटांनी पत्नी साकरबाईंच्या नावानं जनावरांचं इस्पितळ काढायला पैसा दिला, आणि १८८६ मध्ये तिथंच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आपल्या लोकांनीही हे केलं नाही असं नाही. दिल्लीला लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिरात पक्ष्यांचा दवाखाना आहे, उपचार फुकट. पण गावोगावी आपण बांधले ते गोठेच.

याचं कारण पैशाच्या स्वभावात आहे, असं मला वाटतं. चारा दिसतो. तिथीला नाव लागतं, संगमरवरावर कोरलं जातं. रात्रीचा डॉक्टर, त्याचा मदतनीस, भुलीचं औषध, ऑक्सिजन, हे सगळं एकही जनावर आलं नाही तरी जागं ठेवावं लागतं. त्या जागरणाला दाता मिळत नाही, म्हणून ते सगळं एकाच्याच बिलात उतरतं.

काळी वाचली. पाचातली तीन पिल्लं जगली.

पुढच्या वर्षी महिला मंडळात मी सुचवलं, त्यागाच्या दिवसाच्या रकमेतला चौथा हिस्सा रात्रीच्या बिलांसाठी वेगळा ठेवू. खजिनदार काका म्हणाले, "चाऱ्याच्या पाटीवर नाव लागतं, या बिलावर कुणाचं लावायचं?" मागून एक आजी म्हणाल्या, "कुणाचंच नका लावू. पावती तेवढी घ्या."

२०१७ मध्ये गुजरात सरकारची १९६२ नंबरची करुणा ॲम्ब्युलन्स आली, तेव्हा काकांनी विचारलं, आता वही बंद करायची का? मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. पहिली नोंद माझ्याच अक्षरातली आहे: कुंभाराचं गाढव, पोटशूळ, रात्री २ वाजता, १,४०० रुपये, पावती जोडली आहे.