प्रत्येक खोलीत काहीतरी मागे राहतं

एक फ्रँकचं नाणं हातात ठेवा. तारीख १५ एप्रिल १८७४, गाव पॅरिस, रस्ता बुलेव्हार्द दे काप्युसीन, इमारत क्रमांक ३५. फोटोग्राफर नादारचा हा जुना स्टुडिओ. सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ज्यांची चित्रं वारंवार परत पाठवली, असे काही चित्रकार आणि त्यांचे मित्र मिळून तीसएक जणांनी वर्गणी काढून आपली चित्रं इथे मांडली आहेत. सरकारी प्रदर्शनात चित्रं पार छतापर्यंत खच्चून भरलेली असतात. इथे दोनच ओळी आहेत, त्यामुळे प्रत्येक चित्रासमोर नीट उभं राहता येतं.

तुमची नजर सवयीनं गोष्ट शोधते. एखादा रोमन सेनापती, एखादी देवता, निदान एखादी लढाई. यातलं काहीच नाही. बेर्थ मोरिझोच्या चित्रात एक बाई पाळण्यातल्या बाळाकडे बघत बसली आहे. शेजारच्या खोल्यांत देगा, पिसारो, रन्वार. आणि मोनेचं ते ल हाव्र बंदर: निळं-करडं धुकं, दोन होड्या, नारिंगी सूर्य. इथे घाई करू नका. सूर्य म्हणजे रंगाचा एक ठिपका, त्याखाली पाण्यावर चारदोन फटकारे. पण तो थरथरतो, आणि त्याचं कारण डोळ्यात आहे. त्या नारिंगीची उजळी आजूबाजूच्या करड्या आभाळाइतकीच आहे. या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. केवळ रंगाच्या बळावर उगवलेला हा सूर्य आहे, आणि त्या काळच्या कॅमेऱ्याला तो पकडता आला नसता. तोही एका फोटोग्राफरच्या खोलीत टांगलेला!

खिडकीतून खाली बघा. हाच रस्ता मोनेनं इथूनच रंगवला आणि ते चित्रही याच प्रदर्शनात आहे. त्यातली माणसं म्हणजे कुंचल्याचे काळे टिपके. लुई लरुआ नावाचा टीकाकार काही दिवसांत लिहील की भिंतीवर चिकटवायचा कच्चा कागदसुद्धा मोनेच्या बंदरापेक्षा पूर्ण वाटतो. चित्र ‘पूर्ण’ असलंच पाहिजे, ही अट या लोकांनी सोडली. धातूच्या नळीतला रंग तीसेक वर्षांपूर्वी बाजारात आला, म्हणून पेटी उचलून नदीकाठी जाता आलं. आणि उघड्यावर उजेड थांबत नाही, म्हणून हातही थांबेना.

आता थोडं भरभर चला. १८८६ मध्ये झॉर्झ सरा एका बेटावरचा रविवार ठिपक्याठिपक्यांनी उभा करतो, रंगांची मिसळण पॅलेटवर न करता तुमच्या डोळ्यावर सोपवतो. १८८८ मध्ये व्हॅन गॉग आर्लला पोचतो आणि पिवळा रंग उन्हासाठी कमी आणि मनासाठी जास्त वापरतो. १९०५ च्या शरद प्रदर्शनातल्या सातव्या खोलीत मातिसची टोपीवाली बाई तुमच्याकडे वळून बघते. तिच्या नाकावर हिरवा रंग आहे. रंग वस्तूचाच असला पाहिजे, ही अट त्या खोलीत संपली.

१९०७ मध्ये मात्र मुक्काम करा. माँमार्त्रच्या टेकडीवर ‘बातो-लाव्हवार’ नावाची लाकडी, करकरणारी इमारत आहे. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून पाण्याचा एकच नळ. आत पंचविशीतला पिकासो, आणि भिंतीला टेकवलेला आठ फुटी कॅनव्हास. पाच विवस्त्र बाया. उजवीकडच्या दोघींचे चेहरे मुखवट्यांसारखे आहेत. त्रोकादेरोच्या वस्तुसंग्रहालयात पाहिलेलं आफ्रिकी कोरीवकाम पिकासोच्या डोक्यातून जात नव्हतं. ते कोरणारे कारागीर निनावीच राहिले, आणि वसाहतींतून आलेल्या त्या वस्तूंचं ऋण आधुनिक कलेच्या इतिहासात फार उशिरा मोजलं गेलं, हे मला आजही बोचतं.

खाली बसलेल्या बाईकडे नीट बघा. तिची पाठ तुमच्याकडे आहे आणि तोंडही तुमच्याकडेच. मग तुम्ही उभे आहात तरी कुठे? युरोपीय चित्रानं चारशेहून अधिक वर्षं प्रेक्षकाला एका जागी, एका डोळ्यानं उभं केलं होतं. ती जागाच इथे काढून घेतली. मित्रसुद्धा हादरले, हे चित्र लोकांसमोर यायला १९१६ उजाडावं लागलं.

१९०७ च्याच शरदात सेझानच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरतं. तो आदल्या वर्षी वारला. त्याच्या सफरचंदांच्या टेबलाची कड कापडाच्या एका बाजूला जिथे शिरते, दुसऱ्या बाजूला त्याच रेषेत बाहेर येत नाही. त्याला सरळ रेघ येत होती. पण बघताना मान हलते, आणि ते हलणं त्यानं पुसलं नाही. पिकासो आणि ब्राक यांनी पुढची काही वर्षं हाच धागा ओढला: गिटार, बाटली, पेला सगळं फोडून मातकट रंगांत पुन्हा मांडलं. १९१२ मध्ये ब्राकनं लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद विकत आणला आणि सरळ चित्रात चिकटवला. घनवाद म्हणतात तो हाच; त्याची ही वर्षं मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत श्रीमंत वाटतात.

म्युनिकमध्ये एका संध्याकाळी कँडिन्स्कीला आपल्याच स्टुडिओत एक अनोळखी, झगमगतं चित्र दिसलं; ते त्याचंच होतं, आडवं ठेवलेलं. वस्तूच चित्राच्या आड येते, हे त्याला तिथे कळलं. डिसेंबर १९१५, पेत्रोग्राद: खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते तिथे, मालेविचचा काळा चौकोन.

दोन महिन्यांनी झुरिक. श्पीगेलगासे १, धुरानं भरलेली छोटी जागा, मंचावर ह्युगो बाल आणि एमी हेनिंग्स. पहिलं महायुद्ध चालू आहे, काही दिवसांत व्हर्दंच्या तोफा धडाडतील. ज्या समंजस युरोपनं ही कत्तल चालवली, त्याच्या समंजस भाषेत कविता म्हणायला हे लोक तयार नाहीत. काही महिन्यांत ते अर्थ नसलेले आवाज काढू लागतील. ‘दादा’ नावाच्या या चळवळीला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी त्या तोफा कानाआड करू नयेत. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये द्युशाँ मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवतो आणि कलावंताच्या हाताची अटही जाते. १९२४ मध्ये आंद्रे ब्रेताँ अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढतो. स्वप्नाला चित्रात हक्काची जागा मिळते. १९४८ मध्ये लाँग आयलंडच्या एका कोठारात पोलॉक जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासभोवती फिरत घराला लावायचा रंग काडीनं ठिबकवतो आहे.

आता मुंबई, जुलै १९४९. रॅम्पार्ट रोवर पाऊस. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’चं प्रदर्शन आहे: सूझा, रझा, हुसेन, आरा, अमरावतीकडचे गाडे, शिल्पकार बाकरे. हिटलरच्या युरोपातून निसटून आलेले लँगहॅमर, लायडन, श्लेसिंजर यांच्याकडची पुस्तकं आणि छापील चित्रं या तरुणांनी अधाशासारखी पाहिली आहेत. पॅरिसला जे पाऊणशे वर्षांत एकेक करून सोडावं लागलं, ते सगळं यांच्यासमोर एकाच टेबलावर आलं. म्हणून इथे क्रम नाही, निवड आहे. आदल्या वर्षी सूझा आणि हुसेन दिल्लीत प्राचीन भारतीय कलेचं प्रदर्शन पाहून आलेत. बसोहलीच्या लघुचित्रांतला सपाट, भडक रंग हुसेनला मातिसइतकाच जवळचा आहे. स्वातंत्र्य चळवळीपायी जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलेला गोव्याचा सूझा चर्चमधले संत जाड काळ्या रेषेत पकडतो. रझाला श्रीनगरमध्ये फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँनं सांगितलं होतं की तुझ्या चित्रांत बांधणी नाही, सेझान बघ. पुढच्या वर्षी तो पॅरिसला जाईल आणि गायतोंडे या गटात येतील.

आराच्या कामापाशी मात्र जरा जास्त वेळ थांबा. घरातून पळून आलेल्या या माणसानं मुंबईत मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगला आणि तरी चित्रं काढली. कॅटलॉगमध्ये त्याला कुठल्या वादाखाली घालायचं, यावर टीकाकार पुढे बरंच लिहितील. तुम्ही आधी चित्र बघून घ्या.