आम्लाने जुळलेला दात

दाढेत चांदी भरायची तर खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरावा लागे. चांदी दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. तिला अडकवण्यासाठी कीड न लागलेला चांगला दातही कोरला जाई. दातांच्या रंगाचं फिलिंग दिसायला छान असतं हे खरंच, पण त्याची खरी थोरवी ते दाताला चिकटतं यात आहे.

ही वाट सापडली १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथे. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फॉरिक आम्ल लावत. मायकेल ब्यूनोकोर यांनी तेच ८५ टक्क्यांचं आम्ल ३० सेकंद दाताच्या इनॅमलवर ठेवलं. गुळगुळीत इनॅमलवर सूक्ष्म खाचा पडल्या आणि त्यांत शिरलेलं ॲक्रिलिक पूर्वीपेक्षा कितीतरी घट्ट बसलं. मात्र ॲक्रिलिक कडक होताना फार आकसे. राफाएल बोवेन यांच्या कमी आकसणाऱ्या बिस-जीएमए रेझिनला १९६२ मध्ये पेटंट मिळालं, आणि आजच्या कंपोझिटचा, म्हणजे दातांच्या रंगाच्या फिलिंगचा, पाया पडला.

इनॅमलचा प्रश्न असा सुटला. त्याखालचं डेंटिन मात्र दाद देईना. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, जवळजवळ कोरडं. डेंटिनमध्ये कोलॅजनचे तंतू असतात, आणि दाताच्या गाभ्यापासून निघालेल्या असंख्य बारीक नलिकांतून पाणी झिरपत राहतं. रेझिनला ही ओल सोसत नाही. शिवाय डेंटिनवर आम्ल लावलं तर गाभा मरेल, ही भीती पाश्चात्त्य दंतवैद्यांच्या मनात घट्ट बसली होती. टोकियोच्या ताकाओ फुसायामा यांनी १९७९ मध्ये इनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर आम्ल लावण्याची पद्धत मांडली. पुष्कळांनी ती वर्षानुवर्षं नाकारली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं पाऊल तेच. १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी जोड नेमका कुठे बसतो ते दाखवलं. आम्लाने खनिज निघून गेल्यावर कोलॅजनची जाळी उघडी पडते, रेझिन तिच्यात मुरतं आणि धड दात नाही, धड रेझिन नाही असा काही मायक्रॉनचा संकरित थर तयार होतो.

या थराला वय आहे. रेझिन न पोहोचलेले तंतू पाण्यामुळे आणि डेंटिनमधल्याच विकरांमुळे हळूहळू झिजतात. म्हणून फिलिंगच्या कडेने सगळीकडे इनॅमल शिल्लक असेल तर जोड अधिक टिकतो; हिरडीलगत, मुळाच्या बाजूला, जिथे इनॅमल नसतं, तिथे फट पडण्याचा धोका जास्त.