बनी कापसाचं हिंगणघाट

वणा नदीकाठच्या हिंगणघाटचं नाव गिरणीच्याही आधी कापसामुळे दूरवर पोचलं होतं. इथल्या बनी कापसाचा पेळू चिमटीत धरून ओढला की बारीक, लांब तंतू हाती येत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली.

१८८१ मध्ये गावात गिरणी सुरू झाली. नागपूरच्या एम्प्रेस मिलनंतर अवघ्या चार वर्षांनी.

बनी मात्र मागे पडला. ‘जरी’ नावाचा दुसरा कापूस आखूड धाग्याचा, जाडाभरडा, पण त्यात रुईचा उतारा जास्त. घर चालवणाऱ्या शेतकऱ्याने तोच पेरला, यात त्याची चूक नव्हती. तरी एवढा देखणा वाण मागे पडला याची हळहळ वाटतेच. पुढे बन्सीलाल अबीरचंद यांच्या नावाची इथली गिरणी आजारी पडली आणि १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने सरकारकडे गेली.