आपल्या शिवारातील शिलावर्तुळे

आपल्या नागपूर जिल्ह्यात माळावर मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले जागोजागी दिसतात. आपल्याही शिवारात ते आहेत. लहानपणी जाणती माणसे ते गवळ्यांच्या काळचे असे सांगत. माझ्या वडिलांनी वावराच्या धुऱ्यासाठी त्यातील चार धोंडे बंडीने आणले होते. त्यात कोणास काही वावगे वाटले नाही. वस्तुतः ही वर्तुळे म्हणजे अतिप्राचीन दफनस्थळे होत.

नागपूरजवळ जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. तेथील खोदकामाचा वृत्तांत रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी तेथील तीन वर्तुळे खोदली. पुढे नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे उत्खनन केले.

उत्खनन म्हणजे कुदळ घेऊन गुप्तधन शोधणे नव्हे. वर्तुळावर दोऱ्या ताणून चार भाग पाडतात. समोरासमोरचे भाग आधी खोदतात व मध्ये मातीची भिंत राखतात, म्हणजे भराव कसा टाकला ते थरांवरून कळते. दगडगोटे व काळी माती काढीत खाली गेल्यावर, खड्डा असल्यास त्याची माती वेगळी दिसते. तेथून पुढे चाकू व ब्रशनेच काम चालते.

अशा वर्तुळांत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, तांब्याची कांकणे निघाली. माहुरझरीस घोड्याची हाडे व त्याचे तांब्याचे अलंकार मिळाले. माणसांची हाडे मात्र बहुधा थोडी व मोडकीच असतात. हा काळ सुमारे इ. स. पूर्व १००० ते ३०० असा मानतात. मृताबरोबर हत्यारे व घोडा देणारे ते लोक मरणापलीकडेही काही आहे असे मानीत असावेत.

धोंडा हलविला की वर्तुळ मोडते, भराव उकरला की थर मिसळतात. कचेरीत सातबाराची नक्कल मिळते. याची नक्कल कोठेही मिळत नाही.

जीर्णोद्धाराच्या वेळी जोत्यासाठी हेच धोंडे आणावेत, खर्च वाचेल, अशी सूचना आली होती. समितीने ती न स्वीकारता खाणीचा दगड विकत घेतला व जादा खर्च देणगीदारांनी आनंदाने सोसला. त्यांचे हे पुण्यकर्म देवळाइतकेच मोठे आहे. नांगरताना मडके, लोखंड वा हाड लागल्यास न उकरता तलाठ्यास कळवावे, अशी सर्व ग्रामस्थांस नम्र विनंती. वडिलांनी आणलेले चार धोंडे आजही आमच्या धुऱ्यावर आहेत. त्यांची मूळ जागा मला सांगता येत नाही.