शिकाऊ खोंडाची छकडी

दख्खनच्या बैलगाडीचा इतिहास आपण रस्त्यांवरून मांडतो. १८३० साली बोरघाट चाकांच्या वाहतुकीला खुला झाला, हा त्यातला ठळक टप्पा. त्याआधी घाटावरचे धान्य आणि कोकणचे मीठ मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. पण पाठीवर गोणी वाहणारा बैल वेगळा आणि जोडीने जू ओढणारा वेगळा. रस्त्याइतकीच गरज शिकवलेल्या बैलांची होती, असे मला वाटते.

तो बैल घडे घरीच. दोनदाती खोंड आधी जाणत्या बैलाशेजारी जुंपून नुसता ओंडका ओढायला लावतात. ओझ्यापेक्षा खोंड बिथरतो मागच्या खडखडाटाला. म्हणून पुढची पायरी छकडीची: मोडक्या गाडीची चाके, बाभळीचा आस, बांबूची दांडी, बसायला फळी. सुताराची गरज नाही. वजन इतके कमी की खोंड उधळला तरी खांदा सोलत नाही. वळणे, थांबणे आणि उतारावर मागून रेटणारी गाडी मानेने धरून ठेवणे तो इथेच शिकतो. घाटात हेच शेवटचे शिक्षण जीव वाचवी.

काम सरले की फळी चुलीत जाते, चाके दुसऱ्या गाड्याला लागतात. संग्रहालयांतल्या मेण्या-रथांच्या रांगेत मला ही छकडी अजून दिसलेली नाही.